सात नंबरच्या दाराची आतली बाजू

आंबा असो, भाकरी असो की नवा भाडेकरू, आमच्या घरमालकांना तो आधी ट्यूबलाइटखाली हवा असे. वस्तू दिव्याखाली धरायची किंवा माणूस दिव्याखाली उभा करायचा, मान खांद्याकडे कलती करायची, एक डोळा मिटायचा आणि उजेड समोरच्याच्या अंगावरून कसा ओघळतो ते पाहायचे, हा त्यांचा नित्याचा विधी होता. वाहनांच्या एका कारखान्यात, रंगकामाच्या विभागात, त्यांनी उमेदीची सारी वर्षे गाड्यांची दारे अशी तपासली होती. निवृत्तीनंतर गाड्या संपल्या. मान मात्र कललेलीच राहिली. लांबून पाहणाऱ्याला वाटे, हा गृहस्थ सतत कुणाचे तरी गुपित ऐकतो आहे.

त्यांच्या अंगणात मी प्रथम शिरले ती एकाच पायात चप्पल घालून. चाकणच्या चौकात बसमधून उतरताना दुसरीचा अंगठा तुटला होता आणि ती मी हातात धरली होती. दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी. मालकांनी मला व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली बोलावले, मान कलवली आणि आतल्या अंधाराकडे पाहून ओरडले,

"अगं, ऐकलं का? प्रायमर चांगला हाय बाईंचा. आईनं हात सैल सोडला न्हाई. वरचा कोट जरा घाईत मारलाय, पन चालंल. वरची खोली देऊ."

मला वाटले, माझ्या चेहऱ्यावरच्या पावडरीविषयी चालले आहे. पुढे कळले की त्यांच्या लेखी प्रत्येक माणूस तीन थरांचा असतो. सगळ्यांत खाली प्रायमर. तो आई मारते. त्यावर रंग, तो गाव देते. आणि सगळ्यांत वर तो काचेसारखा लकाकणारा शेवटचा थर, क्लिअर कोट. तो कंपनी मारते आणि पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. "कोट तडकला तर घाबरायचं न्हाई," ते नव्या माणसाला सांगत, "खालचा रंग उडाला तर मात्र मला येऊन सांगायचं." कामगार सुट्टीच्या दिवशी हसत हसत येत आणि खरोखरच सांगत: "मालक, आज जरा रंग उडायलाय." मग मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, त्यांना चहा देत. मालकांच्या लेखी ती डागडुजी होती.

जिथे एके काळी कांद्याचे वावर होते तिथे आता चौदा खोल्या चौकोनात उभ्या होत्या. मागच्या पिढीचा कांदा जमिनीतून पुरता गेला नसावा. श्रावणात पहिल्या सरीनंतर ऊन पडले की ओल्या मातीतून तो गोडसर, तिखट वास वर येई आणि मालकांच्या थिनरच्या वासात मिसळे. चौदाही खोल्यांना पत्र्याची दारे होती, आणि प्रत्येक दारावर त्या खोलीत राहणारा माणूस, पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत, पूर्ण उंचीचा रंगवलेला होता.

नियम एकच. माणूस आला तसा काढायचा. अंगणात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा हातात, खांद्यावर, डोक्यावर जे होते ते सगळे घेऊन.

"फोटो का नाही काढून ठेवत?" मी एकदा विचारले.

"फोटोत मानूस आधी केस इंचरतो, मग हसतो, आन् मग त्यो त्यो राहत न्हाई," मालक म्हणाले. "अंगनात पाऊल टाकताना कुनी हसत न्हाई बाई. तवा त्यो निस्ता मोजत असतो, हितनं आपलं गाव किती लांब राह्यलं ते."

तर अशी ती दारे. एक नंबरवर गोंदियाचा पोरगेला माणूस, बगलेत कुकर धरून, कुकरची शिट्टी शर्टाच्या खिशात. चार नंबरवर नांदेडचा तरुण, आयटीआयचे प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी असे धरलेले, की जणू बाळाला पहिल्यांदा घरी आणतो आहे. नऊ नंबरवर एक माणूस दोन्ही हात पुढे करून उभा होता, सगळी बोटे पसरून. कारण आला तेव्हा त्याच्या हातांत काहीच नव्हते. पुढे कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये त्याची दोन बोटे गेली. त्या संध्याकाळी मालक ब्रश घेऊन दारापाशी गेले आणि त्या पसरलेल्या बोटांसमोर उभे राहिले. खोलीतून तो माणूस बाहेर आला, पट्टी बांधलेला हात पाठीमागे धरून.

"राहू द्या मालक. आलो तेव्हा धा होती."

मालकांनी ब्रश थिनरमध्ये बुडवला, पुसला आणि परतले. त्या दारावर आजही दहा आहेत.

माझ्या दारावर काय होते ते सांगायला नकोच. पुस्तकांची पिशवी त्यांनी एका राखाडी फटकाऱ्यात उरकली होती. चप्पल मात्र अशी रंगवली होती की तिचा लोंबता अंगठा पाहून चांभाराला पाझर फुटावा. मी कवितेत एम. ए. केलेले, तळवड्याच्या कचेरीत यंत्रांच्या सूचनापुस्तिका मराठीत आणणारी, थोडीफार मानी बाई. मी विनवले, "मालक, निदान चप्पल तरी पायात घाला."

"आलात तवा व्हती का पायात?"

"नव्हती."

"मग?"

चप्पल हातातच राहिली. ती खोली सोडूनही मला आता काही वर्षे झाली. काकू फोनवर सांगतात, माझ्या दारावर आता कुणी नर्सबाई आहेत. त्यांच्या हातात छत्री आहे आणि छत्रीच्या टोकाला माझी चप्पल अडकलेली आहे.

कारण मालक जुने चित्र कधी पूर्ण खरवडत नसत. भाडेकरू गेला की पॉलिश पेपर घ्यायचा, पाणी मारत दार घासायचे आणि त्यावर नवा माणूस काढायचा. पण मागच्याचे काहीतरी ठेवायचे. एखादे बोट, बादलीची कडी, गमछ्याचे टोक. "जुना कोट घट्ट असंल तर त्याच्यावरच नवा धरतो," ते म्हणत. "सगळं साफ केलं तर रंग उभाच राहत न्हाई." म्हणून त्या दारांवरची माणसे जरा जास्त अवयवांची वाटत. कुकरवाल्याच्या खांद्यावर कुणा अनोळखी माणसाचा हात होता, आणि तो हात त्याला आवडत असे. सुट्टीच्या दिवशी तो त्या हाताशेजारी खुर्ची टाकून बसे.

काकूंचे चित्र नव्हते. त्यावरून त्या घरात बरीच वर्षे एक मंद भांडण शिजत होते.

"तू कुठं बाहेरनं आलीस?" मालक म्हणत. "तू घरची."

"घरची?" काकू एकदा परातीतली भाकरी थापटीत म्हणाल्या, आणि त्या दिवशी भाकरी जरा जोरातच थापटली गेली. "आंबेगावातनं आले मी. सतरा वर्साची. एक ट्रंक आन् एक शेळी घेऊन. तुमची आई म्हनली व्हती, शेळी गोठ्यात बांध आन् तू चुलीम्होरं बस. म्या आले न्हाई का? लगीन म्हंजी काय बदलीच की ती! आन् कंत्राट बी असं की संपतच न्हाई."

मालकांची मान त्या क्षणी सरळ झाली. मी त्यांना सरळ मानेने पाहिले ते एवढेच. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर सतरा वर्षांची मुलगी उभी होती, डोक्यावर ट्रंक घेऊन; आणि शेळी इतकी देखणी उतरली होती की काकू दोन दिवस रुसल्या.

आता सात नंबर. कारण पुढे जे घडले ते सगळे सात नंबरमुळे.

आमच्याकडच्या बऱ्याच खोल्यांत एका पलंगाला दोन माणसे असत. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एक उठून गेला की दुसरा येऊन त्याच ऊबेत झोपे. ते पलंग कधी गार पडत नसत. अशा खोल्यांसाठी मालकांनी एक पद्धत काढली होती. दिवसपाळीचा माणूस दाराच्या बाहेरच्या अंगाला, रातपाळीचा आतल्या अंगाला.

"बाहेरनं कुनी आलं, दारावरचा बघितला, तर कळतंय की ह्यो कामाला गेलाय. मानूस माघारी जातो," त्यांनी मला समजावले. "आतला दिसलाच न्हाई, तर त्याची झोप कोन मोडंल?"

आणि आतली माणसे ते टक्क जागी काढत. डोळे मोठे, पांढरे ठसठशीत, बुबुळांत उजेडाचा एक ठिपका. "बिचारा दिवसभर झोपतो. त्याला उजेडात डोळं उघडं ठेवलेला कुनी बघितलाय? निदान पत्र्यावर तरी जागा असू दे."

सात नंबरच्या बाहेर होता दिगंबर, परभणीचा; एका गोदामात लोखंडी मांडण्या जोडण्याचे काम करणारा. तो ज्वारीचे पोते खांद्यावर घेऊन आला होता, त्यामुळे चित्रात पोते संपूर्ण होते आणि दिगंबर नाकापासून खाली. आत होता सुदामा, बिहारचा. रात्री बाराबारा तास रबराचे भाग साच्यातून काढणारा. तो पत्र्याची पेटी आणि तिच्यावर गुंडाळलेली निळी चादर घेऊन आला होता. अकरा महिने हे दोघे एकाच गादीवर झोपले. सहाच्या बसने एक जाई, आठच्या बसने दुसरा येई. एकाची सुट्टी गुरुवारी, दुसऱ्याची रविवारी, आणि सुट्टीच्या दिवशी दोघेही सभ्यपणे खोली दुसऱ्याला मोकळी ठेवून बाहेर भटकत. एकमेकांना त्यांनी पाहिलेच नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. काही राहिलेले न्यायला दिगंबर दोनदा दिवसा आला होता. दोन्ही वेळा सुदामा पांघरूण नाकापर्यंत ओढून झोपलेला होता.

तरी त्यांचे भांडण होते, आणि ते कडाक्याचे होते. दाराच्या आतल्या अंगाला, रंगवलेल्या सुदामाच्या हनुवटीखाली, चिकटपट्टीने चिठ्ठ्या लावल्या जात. एक हिंदीत लिही, दुसरा मराठीत. लिपी एक असल्यामुळे भांडण छान जमले. "भाई साहब, सिर में तेल थोड़ा कम लगाइए। तकिया फिसलता है।" त्याखाली, "तेल कमी करतो. पण तुम्ही कूस बदलत जा, गादीला एकाच जागी खड्डा पडायलाय." त्याखाली, "गड्ढा आपका है। हम तो हल्के आदमी हैं।" हा खड्डा कुणाचा, हा वाद अकरा महिने चालला. मालकांनी एकदा गादी ट्यूबलाइटखाली आणवली, मान कलवली आणि निवाडा दिला: "दोघांचा हाय. दोन कोट स्पष्ट दिसत्यात."

मग एका शनिवारी सुदामाचे कंत्राट संपायचे ठरले. रविवारच्या गाडीने तो गावी जाणार होता आणि सोमवारी त्याच्या जागी दुसरा माणूस येणार होता. पेटी भरायला घेण्याच्या आठवडाभर आधी तो व्हरांड्यात येऊन उभा राहिला, सवयीने ट्यूबलाइटच्या बरोबर खाली.

"मालिक, एक बात पूछें? बाहर वाले सबको तो आते-जाते लोग देखते हैं. हमारा वाला अंदर है. सोमवार को आप घिस देंगे. हमको तो किसी ने देखा ही नहीं."

मालकांनी माझ्याकडे पाहिले. कारण त्याच आठवड्यात मी एक उद्योग करून ठेवला होता. वाकडच्या एका मॉलमध्ये, वरच्या मजल्यावर, एक छोटे कलादालन होते. तिथल्या व्यवस्थापिका बाईंना मी दारांचे फोटो दाखवले होते आणि त्यांनी पुढच्या रविवारी दालन देऊ केले होते. एकच दिवस, दुपारी बारापासून.

"येत्या ऐतवारी," मालक सुदामाला म्हणाले, "सबंध वाकड तुला बगंल. शब्द हाय माझा."

सुदामाने त्यांच्या पायाला हात लावला. मालकांनी तेवढ्यात त्याचा कान ट्यूबलाइटच्या उजेडात तपासून घेतला. चित्रात तो जरा मोठा झाला होता, असे त्यांना वाटत होते.

शनिवारी सकाळी दारे निघाली. खालच्या चौदा खोल्यांची आणि माझे. काकूंनी स्वयंपाकघराचे दार द्यायला साफ नकार दिला: "एकदा आले तेवढं बास झालं. आता पुन्यांदा कुटं जायची न्हाई मी." दारांच्या जागी काय लावायचे, हा प्रश्न मालकांनी आधीच सोडवला होता. गावातल्या कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स त्यांनी जमवून ठेवले होते. ते पंधराही चौकटींत टांगले गेले. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी तोच गृहस्थ गॉगल लावून, हात जोडून, साऱ्या परिसराला शुभेच्छा देत उभा. वारा आला की पंधराही नगरसेवक एकदम पोट फुगवत. अंगणात मी इतके हसले की मला पायरीवर बसावे लागले.

मॉलच्या माणसांनी दारे कशी लावायची, हे मी कागदावर लिहून दिले होते. लांबी, रुंदी, कडी किती पुढे येते, खिळा कुठे. सूचनापुस्तिका लिहिणे हे माझे कामच. असा नेटका कागद मी क्वचित लिहिला असेल. रविवारी सकाळी दहाला आम्ही पोहोचलो तेव्हा पंधरा दारे पांढऱ्याशुभ्र भिंतींवर, पिवळ्या दिव्यांच्या झोतात, ओळीने टांगलेली होती. थंडगार हवेत कॉफीचा आणि नव्या गालिच्याचा वास. कुकरवाला, प्रमाणपत्रवाला, दहा बोटांचा, आणि सगळ्यांच्या शेवटी तुटकी चप्पल हातात घेऊन मी. व्यवस्थापिका बाई हात जोडून पुढे आल्या.

"काका, काय पॉवरफुल वर्क आहे! आय मीन, किती खरं!"

मालकांचे लक्ष नव्हते. ते सात नंबरपाशी जाऊन उभे राहिले. मान कलवली. मग दार आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्यांनी आपला तळहात सरकवला, चुलीवरच्या भांड्याची ऊब पाहावी तसा, आणि तिथेच ठेवला.

"बाई," ते मला म्हणाले, अगदी हळू, "ही मानसं भिंतीकडं तोंड करून का उभी केलीत? त्यांनी काय गुन्हा केला?"

माझ्या कानांत गरम पाणी ओतल्यासारखे झाले. मी त्या अंगणात दोन वर्षे राहिले होते. त्या दारांच्या कड्यांचे आवाज मला झोपेतही वेगवेगळे ओळखू येत. मी कड्यांची मापे घेतली होती, बिजागऱ्या मोजल्या होत्या. पण दाराला दोन बाजू असतात एवढे मात्र माझ्या कागदावर नव्हते. पंधरांपैकी नऊ दारांच्या आतले नऊ जण भिंतीला नाक लावून उभे होते. बारा वाजायला दोन तास होते आणि सुदामा पेटी घेऊन परस्पर इकडेच येणार होता.

"उलटी करून लावू का?" व्यवस्थापिका बाईंनी सुचवले.

"मग बाहेरचं मरत्याल," मालक म्हणाले. "बाई, दार टांगत न्हाईत. दार उघडत्यात." आणि त्यांनी फोन काढला.

दिगंबरचा रविवार होता. तो भोसरीत चुलतभावाकडे जायला निघाला होता. अर्ध्या वाटेतून वळला. त्याच्यामागे चार नंबर, नऊ नंबर, कुकरवाला, जो जो सुट्टीवर होता तो तो. दारे आणलेल्या टेम्पोत दिगंबरच्या गोदामातल्या भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या आल्या, ज्या नट-बोल्टने आवळल्या की मांडणी उभी राहते. मॉलच्या दारावरच्या रखवालदाराने पान्यांच्या पिशव्या पाहून सगळ्यांना अडवले.

"व्हिजिटर की व्हेंडर?"

"मानसं हायेत," मालक म्हणाले.

त्या वर्गवारीची नोंद त्याच्या वहीत नव्हती, म्हणून त्याने त्यांना मालवाहू लिफ्टकडे पाठवले. आणि मग जे झाले त्याला मी उत्सवच म्हणेन. गालिच्यावर जुन्या पेपरांचे थर पसरले गेले, पान्यांची किणकिण सुरू झाली, थंडगार दालनात घामाचा, तेलाचा, लोखंडाचा ओळखीचा वास भरला. दिगंबर मधोमध उभा राहून हुकूम सोडत होता.

"काहून ओ, इतकं काय बघायलाव? धरा की तिकडून! ए भाऊ, तो नट दे. त्याचा नाही, मोठा!"

"ए भाऊ" म्हणजे कोपऱ्यात पेटी ठेवून, बाह्या सरसावून कामाला लागलेला एक सडपातळ माणूस. तो कधी आला ते कुणी पाहिलेच नाही. दिगंबर त्याला नट मागत होता, तो देत होता. एक पट्टी आवळत होता, दुसरा टोक उचलून धरत होता. तासाभरात ते एकमेकांच्या हातांना इतके सरावले की मागायची गरज उरली नाही. एकदा पट्टी घसरली तर दोघांनी एकदमच पाय लावला आणि दोघे एकदमच हसले.

पंधरा चौकटी उभ्या राहिल्या, भिंतीपासून दूर, दालनाच्या मध्यभागी. प्रत्येकीत एक दार, बिजागरीवर. सात नंबरचे दार सगळ्यांत शेवटी आले. बाराला दहा मिनिटे होती. सडपातळ माणसाने ते पेलले, दिगंबरने बिजागरीत खिळा सोडला, कडी धरली आणि दार घरी उघडतो तसेच, खांद्याने जरासा रेटा देऊन उघडले.

आतून ते डोळे बाहेर आले. पांढरे, ठसठशीत, उजेडाच्या ठिपक्याचे. आणि दाराची कड धरून, त्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, तेच डोळे.

दिगंबरचा हात कडीवरच राहिला. रोज रात्री त्याने ते रंगवलेले डोळे उघडे पाहिले होते, आणि त्या दोन दुपारी खरे डोळे मिटलेले. दोन्हींचा मेळ घालायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याने आपसूकच मान कलती केली, एक डोळा मिटला, दाराकडे पाहिले, माणसाकडे पाहिले, पुन्हा दाराकडे.

"मालक!" तो ओरडला, आणि सगळे पाने थांबले. "मालक, डोळे बरोबर आलेत की ओ!"

मालक कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. अकरा महिने त्यांना एवढेच कुणाकडून तरी ऐकायचे होते, हे मला त्या क्षणी कळले. आणि हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

सुदामा लाजला होता. काहीतरी बोलायला हवे म्हणून तो म्हणाला, "तेल तो आपने कम किया ही नहीं."

"आन् खड्डा?" दिगंबर म्हणाला. "बघ की, किती हलका आहेस ते! चल, तुला आत्ता काट्यावर उभा करतो!" आणि त्याने त्याला काट्याऐवजी सरळ मिठीतच उचलले.

बारा वाजता दालन उघडले. इमारतींच्या उंच मजल्यांवरची माणसे आली, सुट्टीच्या कपड्यांतली, हातात थंड पेयांचे पेले. ती दारांच्या या जंगलासमोर जराशी थबकली. मग एका बाईंनी तीन नंबरच्या दाराकडे हात नेला, अर्ध्यात थांबवला, आणि आत कुणी असल्यासारखी बोटाच्या पेराने हलकी टकटक केली. कुणी सांगितले नव्हते. पण मग सगळेच टकटक करू लागले. पत्र्यावरच्या त्या टकटकीने दालन असे भरून गेले, की जणू पिंपात पाऊस पडतो आहे. सात नंबरपाशी मालक स्वतः उभे होते, ओठांवर बोट ठेवून.

"हळू. बारा तास करून आलाय त्यो."

उंच टाचांच्या चपला हातात घेऊन बायका पुढे येत होत्या. मी ते पाहिले आणि माझ्या दारावरच्या माझ्याकडे पाहिले. त्या दालनात मी प्रथमच शोभत होते. दार हळूच उघडले जाई, आतले डोळे लख्ख पाहत, आणि बाहेरची माणसे आपोआप कुजबुजत बोलत. शेजारी खरा सुदामा, पेटीवर बसून, दिगंबरच्या डब्यातली ज्वारीची भाकरी खात, एवढी सारी मंडळी आपल्या झोपेला जपताना पाहत होता आणि हसू आवरत नव्हते म्हणून तोंडावर गमछा धरत होता. साडेपाचला दिगंबर त्याची पेटी उचलून त्याला स्टेशनवर सोडायला गेला. जाताना सुदामाने आपल्याच दारावर एकदा टकटक केली.

सोमवारी दारे अंगणात परतली, नगरसेवक गुंडाळून माळ्यावर गेले. नवा माणूस झारखंडचा होता, खांद्यावर जाडजूड वळकटी घेऊन आलेला. मालकांनी त्याला ट्यूबलाइटखाली तपासले, प्रायमरला मान्यता दिली आणि पॉलिश पेपर हाती घेतला. नियम म्हणजे नियम. पेटी गेली, चादर गेली, मोठा झालेला कान गेला. पण घासता घासता त्यांचा हात एका जागी दोनदा वळसा घालून गेला. नव्या माणसाची वळकटी त्यांनी बरोबर त्याच जागेवर काढली, आणि वळकटीच्या घडीतून दोन डोळे बाहेर पाहत राहिले.

आठवडाभरात सात नंबरच्या दाराच्या आतल्या अंगाला पहिली चिठ्ठी लागली: "भैया, ये बिस्तर घूरता है।"

त्याखाली दिगंबरचे अक्षर होते.

"बघू द्या. निम्मा खड्डा त्याचा आहे."